विश्लेषण : एमआरआय बरोबर, मणका चुकीचा! पाठीच्या शस्त्रक्रियेत मोजणी का चुकते?

'गादी सरकली आहे, नस दबते आहे, एल४-एल५चे ऑपरेशन करावे लागेल,' असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो पायांचा. नंतर चालता येईल ना? स्पाइन सर्जन मात्र टेबलाजवळ उभे राहिल्यावर त्याआधीच्या एका साध्या प्रश्नाने सावध असतात. समोर दिसतो आहे तो मणका एल४च आहे ना?

ही भीती अनाठायी नाही. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात ४१५ स्पाइन सर्जननी उत्तरे दिली. त्यांपैकी निम्म्या जणांनी कारकिर्दीत किमान एकदा तरी चुकीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाल्याचे मान्य केले. प्रश्नावली मिळालेल्यांपैकी थोड्याच डॉक्टरांनी उत्तर दिले होते, हेही लक्षात घ्यायला हवे. त्याच सर्वेक्षणातील अंदाजानुसार प्रत्यक्षात असा प्रकार साधारण तीन हजार शस्त्रक्रियांमागे एकदा घडतो. म्हणजे शक्यता कमी. पण ज्याच्या वाट्याला येते त्याची कळ तशीच राहते आणि चांगला मणका विनाकारण उघडला जातो.

मणके मोजायला एवढे अवघड का?

मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५ अशी मणक्यांची शाळेत शिकवली जाणारी मोजणी. शस्त्रक्रियेत अख्खा कणा दिसत नाही. दिसते ती काही सेंटिमीटरची खिडकी आणि तिच्यातून एकसारखी दिसणारी दोन-तीन हाडे. कुठल्याही हाडावर नंबर नसतो.

त्यात निसर्गाची गंमत अशी की सगळ्यांचे मणके पुस्तकाप्रमाणे नसतात. काहींचा कमरेचा शेवटचा मणका खालच्या माकडहाडाकडच्या त्रिकास्थीला जोडलेला असतो, तर काहींच्या त्रिकास्थीचा वरचा भाग सुटून कमरेत सहावा मणका असल्यासारखा दिसतो. पुण्या-मुंबईतल्या टॉवरमध्ये पार्किंगचे मजले धरायचे की नाही, यावरून 'पाचवा मजला' बदलतो ना, तसेच हे आहे. एमआरआयचा अहवाल लिहिणाऱ्याने वरून मोजले आणि सर्जनने खालून, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि उत्तरात एका मणक्याचा फरक पडतो. प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांना एकाने चुकणारी मोजणी चांगलीच ओळखीची असते. तिथे कोड दुरुस्त करून पुन्हा चालवता येतो.

सर्वांत अवघड भाग पाठीच्या मधला. मान आणि कंबर अशी मोजणीची दोन्ही टोके तिथून लांब. बरगड्या मोजाव्यात तर काहींना १२ऐवजी ११ किंवा १३ जोड्या असतात. मानेच्या खालच्या मणक्यांवर एक्स-रेमध्ये खांद्यांची सावली पडते. रुग्ण स्थूल असेल किंवा हाडे ठिसूळ झाली असतील, तर चित्र आणखी धूसर होते.

डाव्या-उजव्याचाही घोळ आहेच. एमआरआयच्या आडव्या छेदात रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे दिसते. टेबलावर रुग्ण पालथा असतो, त्यामुळे सर्जनच्या डावीकडे रुग्णाची डावीच बाजू येते. पडद्यावरचे चित्र मनातल्या मनात उलटवावे लागते.

खूण कातडीवर की हाडावर?

चुकीच्या बाजूच्या शस्त्रक्रिया टाळण्यासाठी रुग्ण जागा असतानाच मार्करने खूण करण्याची पद्धत रूढ झाली. गुडघ्याला तेवढे पुरते, मणक्याला नाही. रुग्णाला पालथे केले की कातडी सरकते आणि हाड तर बरेच खोल असते. म्हणून अमेरिकेतील 'नॉर्थ अमेरिकन स्पाइन सोसायटी'ने २००१ मध्ये सही, खूण आणि एक्स-रे अशा तीन पायऱ्यांची मोहीम हाती घेतली. तिसरी पायरी कळीची. सर्जन हाडावर किंवा गादीत सुई वा एखादे उपकरण ठेवतो, सी-आर्म यंत्राने तिथेच एक्स-रे काढतो आणि त्रिकास्थीपासून मणके मोजून खात्री करतो. मगच हाड किंवा गादी काढायला सुरुवात होते. हा एक्स-रे जपून ठेवणेही तितकेच महत्त्वाचे.

मोठ्या रुग्णालयांत आता नेव्हिगेशन आणि रोबो आले आहेत. स्क्रू अचूक बसवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. पण सुरुवातीला मणक्याचा क्रमांकच चुकीचा भरला गेला, तर यंत्र चुकीच्या जागीही तितक्याच अचूकपणे स्क्रू बसवायला मदत करील.

चेकलिस्टने काय साधले?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया चेकलिस्ट आणली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण ओटीतून बाहेर जाण्यापूर्वी असे तिचे तीन टप्पे आहेत. या कामाचे नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड भागातले. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, तर गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात चेकलिस्ट सक्तीची झाल्यानंतर १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूंचे प्रमाण ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्क्यांवर आले. ही घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. त्यावरून बराच वाद झाला. कागदावर टिकमार्क करणे आणि सगळ्यांनी हातातले काम थांबवून बोलणे, यांत फरक आहे. छेद घेण्यापूर्वीच्या 'टाइम आऊट'मध्ये पडद्यावर याच रुग्णाचा एमआरआय लागला आहे का, पातळी कोणती, बाजू कोणती, प्रतिजैविक शेवटच्या ६० मिनिटांत दिले का, हे मोठ्याने विचारले गेले पाहिजे. मोठ्या सर्जनना 'सर, अहवालात उजवी बाजू आहे' असे ज्युनिअर परिचारिकेने म्हणण्याची मुभा आहे का, खरी परीक्षा तिथे असते.

मज्जारज्जूवर पहारा

बाक आलेला कणा सरळ करताना मज्जारज्जूला इजा झाली, तर पायांतील ताकद जाऊ शकते. १९७३ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी यावर एक धाडसी उपाय मांडला : शस्त्रक्रिया सुरू असतानाच रुग्णाला अर्धवट जागे करायचे आणि पाय हलवायला सांगायचे. आता डोके आणि हातापायांना इलेक्ट्रोड लावून मज्जारज्जूतून जाणारे संदेश सतत तपासता येतात. संदेश क्षीण झाले की काम थांबते. भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतो आणि भुलीची औषधे तपासतो. सर्जन शेवटचा स्क्रू किंवा दिलेला ताण मागे घेतो. गादीच्या प्रत्येक साध्या शस्त्रक्रियेला याची गरज नसते. कणा सरळ करण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ही सोय आहे का, हे मात्र आधी विचारावे.

तासन् तास पालथे राहिल्यावर आणि रक्तस्राव जास्त झाल्यास क्वचित दृष्टी जाण्याचा धोका असतो. म्हणून डोळ्यांवर दाब येऊ न देणे हेही ओटीतले मोठे काम आहे.

रुग्णाने काय करावे?

बरेच जण केवळ अहवालाचा कागद घेऊन येतात. एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी आणि जुने एक्स-रे सोबत न्यावेत. 'माझे मणके नेहमीइतकेच आहेत का? मोजणी कुठून केली?' हे विचारण्यात संकोच नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, तंबाखू यांबाबत काहीही लपवू नये. मिश्रीसुद्धा तंबाखूच, निकोटिनमुळे हाडे जुळायला उशीर होतो. शस्त्रक्रियेशिवाय काय करता येईल, हाही हक्काचा प्रश्न आहे. गादीमुळे पायात जाणारी कळ अनेकांची काही आठवड्यांत औषधे आणि व्यायामाने कमी होते. समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती ठरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर लघवी अडकली, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता आली किंवा पायाची ताकद नव्याने कमी झाली, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. आत रक्त साचून नसांवर दाब आलेला असू शकतो आणि अशा वेळी तास महत्त्वाचे ठरतात.

डिस्चार्ज घेताना ओटीत काढलेला सी-आर्मचा एक्स-रे फाइलमध्ये आहे का, हे पाहावे. नसेल तर मागून घ्यावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागणी केल्यास नोंदी ७२ तासांत देणे डॉक्टरांना बंधनकारक आहे.