जहाजाची घडण आणि इंधनाची काटकसर

लोणावळ्यास हवापालटासाठीं जाणाऱ्यांस समुद्राची आठवण सहसा होत नाहीं. परंतु सुमारें २००० फूट उंचीवरील याच गांवीं नौदलाची ‘शिवाजी’ ही संस्था १९४५ पासून जहाजांचे यंत्रज्ञ तयार करीत आहे.

यंत्र कितीहि समर्थ असो, जहाजाची घडण सदोष असल्यास इंधन वायां जातें आणि भर समुद्रांतून बंदर गांठण्याची पाळी लवकर येते. पाण्याचा विरोध मुख्यतः दोन प्रकारचा: एक घर्षणाचा, दुसरा लाटा उठविण्यांत खर्च होणाऱ्या शक्तीचा. वेग दुप्पट करावयाचा तर विरोध सुमारें चौपट होतो व शक्ति आठपट लागते!

१८७२ सालीं इंग्लंडांत विल्यम फ्रूड यांनीं लांब हौदांत जहाजाची लहान प्रतिकृति ओढून हा विरोध मोजण्यास आरंभ केला. पुढें कित्येक जहाजांच्या नाळेखालीं, म्हणजे पुढील टोकाखालीं, पाण्यांत बुडेल असा फुगवटा ठेवूं लागले. त्याची लाट नाळेच्या लाटेस छेद देते व दोन्ही शमतात. मात्र हा लाभ ठराविक वेगासच मिळतो. शिवाय तळावर शिंपले व शेवाळ चढूं दिलें, तर घर्षण वाढतेंच.

लोणावळ्यास तरुण नौसैनिक दृष्टीस पडले, तर त्यांच्या यंत्रांचें ओझें हौदांतील त्या लहानशा प्रतिकृतीनें हलकें केलें आहे, हें ध्यानांत असूं द्यावें.