मैदानावरचा कल्याणमित्र

एप्रिल उजाडला की जळगाव आणि धुळ्यात उन्हाळी क्रीडा शिबिरांचे फलक लागतात. क्रिकेट, कबड्डीच्या जोडीला आता बास्केटबॉलचेही नाव असते आणि आपल्या वस्तीतल्या मुलीही या खेळाकडे वळत आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. पालक चौकशी करतात ती फीची, बुटांची, दहावीच्या वाढीव गुणांची आणि सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची. ही चौकशी योग्यच आहे. पण रोज दोन तास लेकरू ज्याच्या हाती सोपवायचे तो माणूस कसा आहे, हे फार थोडे पालक विचारतात.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. आम्ही परिचारिका म्हणून सांगतो, मैदानावर मुलाच्या शरीराचा ताबा प्रशिक्षकाकडे असतो. किती धावायचे, पाणी कधी प्यायचे, दुखत असताना खेळायचे की थांबायचे, हे तोच ठरवतो. म्हणून प्रशिक्षकाचे शील हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

शिस्त कशाला म्हणायचे?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. सिमेंटचे कोर्ट तव्यासारखे तापते. अशा वेळी उशिरा आलेल्या मुलाला 'मार दहा चकरा, पाणी नंतर' असे सांगणारे आम्ही पाहिले आहेत. याला शिस्त म्हणत नाहीत. शरीरातले पाणी कमी झाले की आधी डोके दुखते, पायात गोळे येतात, मळमळते. पुढे मूल असंबद्ध बोलू लागले किंवा कोसळले तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नये. सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घेणे आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजणे, हे प्रशिक्षकाचे काम आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. आम्ही वस्त्यांमध्ये हिमोग्लोबिन तपासतो, तेव्हा खेळणाऱ्या मुलींचेही १२ ग्रॅमच्या खाली आलेले दिसते. अशी मुलगी दोन फेऱ्यांत धापा टाकते आणि 'आळशी' म्हणून बोलणी खाते. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, हिरवी भाजी, गूळ-शेंगदाणे आणि वेळेवर पोटभर भाकरी हवी. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी टाकून देऊ नका. खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर 'सरावामुळे असते असे' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. पाळीबद्दल मुलगी ज्याच्याशी बोलूच शकत नाही, त्या संघासोबत निदान एक जबाबदार बाई असायला हवी.

मोज्यांपासून सुरुवात

अमेरिकेतल्या जॉन वुडन या प्रशिक्षकाने १२ वर्षांत १० वेळा आपल्या विद्यापीठाला राष्ट्रीय बास्केटबॉल विजेतेपद मिळवून दिले. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे कसे घालायचे हे शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की खेळाडू बाहेर बसतो. नामवंत प्रशिक्षक मुलांच्या तळपायाची काळजी करतो, यात सगळे आले.

याच वुडन यांची दुसरी गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी. १९४७ मध्ये ते इंडियानातल्या एका महाविद्यालयाचे प्रशिक्षक होते. राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले, पण त्या स्पर्धेत काळ्या खेळाडूंना मज्जाव होता. संघात क्लॅरेन्स वॉकर हा काळा मुलगा होता. वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला. वॉकर काही संघाचा हुकमी खेळाडू नव्हता. तरीही त्याला घरी ठेवून चषक आणायला हा प्रशिक्षक तयार झाला नाही.

तळे तिथेही होते

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे सुरू केला. पुढे ते वैद्यकीय पदवीही घेऊन कॅन्सस विद्यापीठात शिकवू लागले. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन हा काळा विद्यार्थी तिथे आला. विद्यापीठाच्या संघात काळ्यांना जागा नव्हती, पण नेस्मिथ यांनी त्याला जवळ केले आणि प्रशिक्षणाची विद्या दिली. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला पोहणे आवश्यक होते. मॅक्लेंडन तलावात उतरले, तेव्हा नंतर तलावाचे पाणी काढून टाकण्यात आले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतल्यावर त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले होते. ते आठवल्याशिवाय आपल्याला हा प्रसंग वाचता येत नाही. मॅक्लेंडन हटले नाहीत आणि तो तलाव पुढे सर्वांना खुला झाला.

१९३६ मध्ये पदवी घेऊन ते प्रशिक्षक झाले. १२ मार्च १९४४ च्या रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, त्यांच्या काळ्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघाशी दारे बंद करून सामना खेळला आणि ८८-४४ ने जिंकला. मग दोन्हीकडची मुले मिसळून आणखी एक डाव खेळली. एका गुरूने एका मुलाला हात दिला, त्यातून हे घडले.

आपल्याकडेही असे हात आहेत. नागपुरात निवृत्त क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलभोवती गोळा केले. त्यावरूनच 'झुंड' हा चित्रपट आला. आणि बागेत वाचत बसलेल्या विद्यार्थी भीमरावांना हेरून पुस्तके पुरवणारे, पुढे सयाजीरावांकडून शिष्यवृत्ती मिळवून द्यायला मदत करणारे कृष्णाजी केळुस्कर गुरुजी आपण कसे विसरू? धम्मात अशा माणसाला कल्याणमित्र म्हणतात.

जाब कोणी विचारायचा?

प्रशिक्षक खेळाडूला जाब विचारतो. प्रशिक्षकाला कोण विचारणार? चांगल्या माणसालाही देखरेख हवी आणि वाईट माणसाला तर हवीच. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींवर अत्याचार करत होता. मुलींनी सांगूनही मोठ्यांनी ऐकले नाही. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक मुली आणि महिला न्यायालयात बोलल्या, तेव्हा त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे २०२३ मध्ये महिला कुस्तीपटूंना जंतरमंतरवर बसावे लागले.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने ते दडवले, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात क्रीडा संस्था, संकुल आणि स्पर्धेचे मैदानही येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. 'पोरीचे नाव खराब होईल' म्हणून गप्प बसू नका. नाव खराब होते ते करणाऱ्याचे.

शिबिरात नाव घालण्यापूर्वी थोडे प्रश्न विचारा. प्रशिक्षक कुठे शिकला आणि आधी कुठे होता? सराव उघड्यावर, सर्वांना दिसेल असा होतो का? बाहेरगावी सामन्याला गेल्यावर मुलींसोबत बाई असते का? प्रथमोपचाराची पेटी आहे का? डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा खेळवतात का? खेळवत असतील, तर तिथे मूल पाठवू नका. तक्रार कोणाकडे करायची, हे विचारल्यावर प्रशिक्षक रागावला, तर त्याचे उत्तर मिळाले असे समजा. खरा कल्याणमित्र अशा प्रश्नांनी दुखावत नाही. उलट पालक लक्ष घालतात म्हणून त्याला बरे वाटते.

आणि जे प्रशिक्षक आपल्या मुलांसाठी पदरचे पैसे घालून बूट घेतात, आजारी पोराच्या घरी जातात, हरलेल्या संघाला चहा पाजतात, त्यांना वस्तीने एकटे पाडू नये. विहाराच्या सभेत त्यांना बोलवा, चेंडू-जाळीसाठी वर्गणी काढा. या आठवड्यात एक संध्याकाळ कामातून सवड काढून मैदानाच्या कडेला अर्धा तास बसा. मुले प्रशिक्षकाकडे मोकळेपणाने पाणी मागतात का, तेवढे बघा.