मिनी संगणक की टॉवर : विभागीय संगणकखरेदीमागील तत्त्वविचार

विद्यापीठाच्या विभागात संगणकांची खरेदी ही वारंवार घडणारी गोष्ट नव्हे. अनुदान मंजूर व्हावयाचे, निविदा निघावयाची, यंत्रे यावयाची आणि मग पुढील पाच-सहा वर्षे त्याच यंत्रांवर अध्यापकांनी व संशोधक विद्यार्थ्यांनी निभावून न्यावयाचे, असा हा क्रम आहे. त्यामुळे निवडीत झालेल्या चुकीचे प्रायश्चित्त ज्याने निवड केली त्याला क्वचितच घ्यावे लागते. ते घ्यावे लागते तीन-चार वर्षांनंतर प्रबंधाची आकडेमोड घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला. अलीकडे एखाद्या जाड ग्रंथाएवढ्या आकाराचे मिनी संगणक सर्वत्र मिळू लागल्यापासून ही निवड अधिकच बिकट झाली आहे. ‘जागा कमी, वीज कमी, आवाज कमी; मग मोठा टॉवर हवाच कशाला?’ असा प्रश्न एका बाजूने विचारला जातो, तर ‘लहान यंत्र म्हणजे खेळणे’ असे दुसऱ्या बाजूने सांगितले जाते. या दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे; परंतु दोन्ही मते प्रश्नाच्या मुळाशी जात नाहीत. हा प्रश्न वस्तुतः आकाराचा नसून उष्णतेचा आणि कालावधीचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

संज्ञांचा खुलासा

प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. ‘मिनिकॉम्प्युटर’ हा शब्द संगणकाच्या इतिहासात एका निराळ्या अर्थाने येऊन गेला आहे. १९६५ साली बाजारात आलेला पीडीपी-८ हा त्या वर्गातील प्रसिद्ध संगणक. तो ‘मिनी’ म्हणविला गेला तो खोलीभर पसरणाऱ्या तत्कालीन महायंत्रांच्या तुलनेने. प्रस्तुत लेखात ‘मिनी संगणक’ ही संज्ञा आजच्या व्यवहारातील अर्थाने योजिली आहे. पडदा, कळफलक व माउस वेगळे जोडावयाचे आणि ज्याची मुख्य पेटी एक-दोन लीटर आकारमानात सामावते, असा हा संगणक होय. अॅपल कंपनीचा मॅक मिनी २००५ साली आला. त्याच्या २०२४ सालच्या आवृत्तीची लांबी-रुंदी प्रत्येकी १२·७ सेंटिमीटर आणि उंची ५ सेंटिमीटर, म्हणजे आकारमान अवघे ०·८ लीटर आहे. इंटेल कंपनीनेही २०१३ च्या सुमारास ‘नक’ या नावाने अशी यंत्रे प्रचारात आणली; २०२३ साली इंटेलने त्या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि ती परंपरा असूस कंपनीने पुढे चालविली.

याच्या उलट टॉवर. त्याच्या पोटातील मुख्य पटल, म्हणजे मदरबोर्ड, सामान्यतः १९९५ साली इंटेलने प्रसृत केलेल्या एटीएक्स मानकानुसार ३०·५ × २४·४ सेंटिमीटरचा असतो आणि पूर्ण आकाराच्या पेटीचे आकारमान चाळीस लीटरच्या आसपास जाते. म्हणजे एकाच्या जागेत दुसरी चाळीस-पन्नास यंत्रे मावावीत, एवढा हा फरक आहे. या उरलेल्या जागेचा उपयोग काय, हाच खरा प्रश्न.

रिकाम्या जागेचे कार्य

संगणकास पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत्‌शक्ती अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता बाहेर गेली नाही तर प्रोसेसरचे तापमान वाढत जाते आणि साधारणतः १०० अंश सेल्सिअसच्या सीमेजवळ येताच तो स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपोआप उतरवितो. यास ‘थ्रॉटलिंग’ असे म्हणतात. यंत्र बंद पडत नाही, काही सूचनाही देत नाही. ते केवळ मंद होते. म्हणूनच हा दोष पुष्कळदा ध्यानातच येत नाही.

आता थोडे गणित पाहू. हवेची घनता आणि विशिष्ट उष्णता लक्षात घेता, १०० वॉट उष्णता हवेचे तापमान १० अंशांनी वाढवून बाहेर न्यावयाची झाल्यास दर सेकंदास सुमारे साडेआठ लीटर हवा यंत्रातून वाहिली पाहिजे. ही हवा ५ सेंटिमीटर व्यासाच्या पंख्यातून न्यावयाची तर तिचा वेग सेकंदास ४ मीटरहून अधिक ठेवावा लागेल; तीच १२ सेंटिमीटर व्यासाच्या पंख्यातून न्यावयाची तर पाऊण मीटर वेगही पुरेसा होतो. लहान यंत्र भाराखाली कर्कश का होते आणि टॉवर शांत का राहतो, याचा उलगडा येथेच होतो. टॉवरमधील ‘रिकामी’ जागा ही वाया गेलेली जागा नसून हवेचा मार्ग आहे.

आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. प्रोसेसरकडून हवेकडे जाणारी उष्णता ही त्या दोहोंच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. २५ अंशांच्या खोलीत ९५ अंशांवर चालणाऱ्या प्रोसेसरला ७० अंशांचे अंतर लाभते. नागपूर-अकोल्याच्या वैशाखात वातानुकूलन बंद असलेली खोली ४२ अंशांवर गेली तर हेच अंतर ५३ अंश उरते. म्हणजे त्याच पंख्याने व त्याच रचनेने बाहेर जाऊ शकणारी उष्णता सुमारे एक चतुर्थांशाने घटते. टॉवरजवळ ही तूट भरून काढण्यास राखीव क्षमता असते. मिनी संगणकाची क्षमता मुळातच काठोकाठ वापरलेली असते. त्यात जाळीवर धूळ बसली म्हणजे तीही उरत नाही.

दुसरी बाजू

एवढ्यावरून मिनी संगणक टाकाऊ आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. प्रोसेसरमधील विद्युत्‌व्यय हा स्थूलमानाने विद्युत्‌दाबाचा वर्ग आणि आवर्तनसंख्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. आवर्तनसंख्या उतरविली की दाबही उतरविता येतो. दोन्ही २० टक्क्यांनी उतरविली असता व्यय ०·८ च्या घनाएवढा, म्हणजे ५१ टक्के होतो. सारांश, एक पंचमांश वेग सोडला की जवळजवळ निम्मी उष्णता वाचते. मिनी संगणकाची सारी करामत या नियमावर उभी आहे. उलट, टॉवरमधील वेगाचा शेवटचा हप्ता फार महाग पडतो.

याच नियमातून निविदेतील एक सापळा निर्माण होतो. इंटेलच्या तेराव्या पिढीतील ‘कोअर आय-९ १३९००’ या नावापुढे ‘टी’ हे अक्षर असेल तर त्या प्रोसेसरची मूळ शक्ती ३५ वॉट असते. ‘के’ हे अक्षर असेल तर ती १२५ वॉट असते आणि कमाल मर्यादा २५३ वॉटपर्यंत जाते. दोहोंतही गाभे चोवीसच. निविदेत केवळ ‘आय-९, चोवीस गाभे’ एवढेच लिहिले, तर विक्रेत्याने यांपैकी कोणताही दिला तरी अटीचा भंग होत नाही. अल्पकालीन कामात दोहोंतील अंतर फारसे जाणवणार नाही. रात्रभर चालणाऱ्या आकडेमोडीत मात्र ते स्पष्ट दिसेल.

कामाचे तीन वर्ग

यास्तव यंत्र निवडण्यापूर्वी कामाचे वर्गीकरण करावे. उपयोगाच्या दृष्टीने त्याचे तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग तुटक कामांचा : लेखन, वाचन, संदर्भशोध, पाहणीच्या आकड्यांचे सांख्यिकीय विश्लेषण. येथे प्रोसेसर क्षणभर धावतो आणि पुष्कळ वेळ विसावतो. तापलेला धातू निवण्यास अवसर मिळतो. शिवाय अनेक प्रणाली एका वेळी एकच गाभा वापरतात. सांख्यिकीतील ‘आर’ या प्रणालीच्या बहुतेक मूलभूत क्रिया याच प्रकारच्या आहेत. एकच गाभा कार्यरत असता एकूण उष्णता मर्यादेतच राहते, त्यामुळे अशा कामात चांगला मिनी संगणक टॉवरच्या बरोबरीने चालतो. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांच्या विभागांतील बहुतांश काम या वर्गात मोडते.

दुसरा वर्ग दीर्घ आणि सलग कामांचा : रेणूंच्या गतीचे अनुकरण, बांधकामाच्या ताणांचे विश्लेषण, हवामानाची प्रतिमाने. सर्व गाभे तासन्‌तास, प्रसंगी दिवसेंदिवस, पूर्ण भाराखाली असतात. येथे यंत्राचा जाहिरातीतील कमाल वेग निरर्थक ठरतो. अर्थ असतो तो दहाव्या तासाला टिकून राहिलेल्या वेगाला. हा वर्ग निःसंशय टॉवरचा आहे. शिवाय चुका आपोआप दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी घेण्याची सोय त्यासाठी रचलेल्या टॉवरमध्ये असते. मिनी संगणकांत ती क्वचितच आढळते.

तिसरा वर्ग ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या कामांचा. यंत्रशिक्षण हे त्याचे ठळक उदाहरण. २०२२ सालचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड एकटेच ४५० वॉटपर्यंत शक्ती घेते आणि त्याची लांबी ३० सेंटिमीटरहून अधिक आहे; ते मिनी संगणकात बसविण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. येथे एक अपवाद नोंदविला पाहिजे. २०२५ साली एनव्हिडिया कंपनीने सुमारे १५ सेंटिमीटर चौरस आणि ५ सेंटिमीटर उंचीच्या पेटीत १२८ गिगाबाइट सामाईक मेमरी असलेला डीजीएक्स स्पार्क हा संगणक आणला. ४०९० च्या २४ गिगाबाइटमध्ये न मावणारी प्रतिमाने त्यात मावतात. परंतु त्याच्या मेमरीचा प्रवाह सेकंदास २७३ गिगाबाइट आहे, तर ४०९० चा १००८ गिगाबाइट, जवळजवळ चौपट. मावणे ही एक गोष्ट आहे आणि वेगाने चालणे ही दुसरी, हा विवेक येथे राखावा लागतो.

आयुर्मान आणि व्यय

यंत्राची किंमत खरेदीच्या दिवशी पूर्णपणे कळत नाही. टॉवरमधील पंखा, वीजपुरवठ्याचा संच, मेमरी, ग्राफिक्स कार्ड यांतील प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बदलता येतो. मिनी संगणकांपैकी काहींत मेमरी व साठवणीच्या पट्ट्या बदलता येतात. इतरांत मेमरी पटलाशीच कायमची जोडलेली असते आणि पहिल्या दिवशी जेवढी घेतली तेवढ्यावरच अखेरपर्यंत भागवावे लागते. तथापि, सर्वच टॉवर दुरुस्तीस सुलभ असतात असेही नव्हे. तयार विकल्या जाणाऱ्या कित्येक टॉवरांत उत्पादकाने स्वतःच्या मापाचा बोर्ड आणि वीजसंच घातलेला असतो. त्याला बाजारातील सर्वसामान्य भाग बसत नाहीत. म्हणून ‘टॉवर’ असे न लिहिता ‘एटीएक्स मानकाचे भाग असलेला टॉवर’ असे निविदेत लिहावे.

विजेचा हिशेबही करून पाहण्याजोगा आहे. साध्या कामात टॉवर मिनी संगणकापेक्षा ४० वॉट अधिक घेतो असे धरू. दिवसास आठ तास आणि वर्षास अडीचशे दिवस या हिशेबाने दर यंत्रामागे वर्षाला ८० युनिटे, म्हणजे वीस यंत्रांच्या प्रयोगशाळेत १६०० युनिटे वाढतात. आणि त्या उष्णतेला बाहेर काढणाऱ्या वातानुकूलनाचा खर्च निराळाच. वीज खंडित झाल्यास त्याच क्षमतेच्या यूपीएसवर मिनी संगणक टॉवरपेक्षा पुष्कळ अधिक काळ तग धरतो, ही गोष्टही आपल्याकडे गौण मानता येणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसेल की, ‘मिनी की टॉवर’ हा प्रश्न सबंध विभागासाठी एकदाच विचारणे हीच मुळात चूक आहे. लेखनवाचनाचे स्थान आणि आकडेमोडीचे स्थान ही दोन निराळी स्थाने आहेत. प्रत्येक मेजावर मध्यम प्रतीचा टॉवर ठेवण्याऐवजी मेजांवर मिनी संगणक द्यावेत, आणि वाचलेल्या रकमेतून थंड खोलीत एक-दोन समर्थ टॉवर ठेवून ते विभागाच्या जाळ्यामार्फत सर्वांस वापरू द्यावेत. अशा योजनेत एकाच विद्यार्थ्याचे काम त्याच्या मेजावरील यंत्राच्या मर्यादेने अडून राहत नाही. मात्र सामाईक टॉवरसाठी पाळ्यांची नोंद ठेवणारा आणि त्याची देखभाल करणारा कोणी जबाबदार माणूस नेमलेला असावा. तो नसेल तर ही योजना कागदावरच राहील.

खरेदीपूर्वी एक साधी परीक्षा अवश्य घ्यावी. विक्रेत्याच्या नमुना यंत्रावर विभागातीलच एखादे खरे काम सलग एक तास चालवावे. शक्य तर उन्हाळ्यात आणि वातानुकूलन बंद ठेवून. पहिल्या पाच मिनिटांत झालेले काम आणि शेवटच्या पाच मिनिटांत झालेले काम यांची नोंद करावी. हे दोन आकडे जवळजवळ सारखे आले, तर त्या कामासाठी ते यंत्र योग्य आहे, मग ते कितीही लहान असो. शेवटचा आकडा बराच घसरला, तर त्या यंत्रावरील नाव कितीही मोठे असले तरी ते नाकारावे. ही परीक्षा विनाखर्चाची आहे. तिच्यासाठी दिलेला एक तास पुढे कोणा विद्यार्थ्याचे कित्येक महिने वाचवील.