चार कलमं, एक पिसू आणि आपलं स्वातंत्र्य

4 फेब्रुवारी 1897 रोजी ब्रिटिश सरकारने साथरोगांचा कायदा केला. त्यात अवघी चार कलमं होती! दुसऱ्या कलमाने सरकारला साथीत हवे ते नियम करण्याची मुभा दिली, तर चौथ्याने सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावण्याची वाटच बंद केली. 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात चित्रपटगृहांना आणि व्यायामशाळांना कुलपं लागली, ती याच कायद्याच्या आधारे.

1897 मध्येच या कायद्याची झळ पुण्याने सोसली. प्लेगचा बंदोबस्त करायला आलेल्या रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखालचे गोरे शिपाई माजघरापर्यंत, देवघरापर्यंत शिरत. बायाबापड्यांची तपासणी होई, सामान रस्त्यावर येई, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत धाडलं जाई. धास्तावलेले लोक आजारी माणसंच लपवू लागले. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेतच शिकतो.

पण खरी थक्क करणारी गोष्ट घडली ती पुढच्या वर्षी, कराचीत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने काचेच्या मोठ्या बरणीत प्लेग झालेला, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला. वर तारेच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणं अशक्य, पण पिसू मात्र सहज उडी मारू शकेल, एवढंच अंतर. काही दिवसांत वरचा उंदीरही प्लेगने मेला. म्हणजे पुण्यात शिपाई माणसं हुडकत होते, आणि मारेकरी पिसू उंदराच्या अंगावरून मोकाट फिरत होती!

म्हणून प्रत्येक निर्बंध चुकीचा ठरतो का? मुळीच नाही. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच गेल्या. टिळकांनी रँडच्या जुलमावर झोड उठवली, आणि त्याच वेळी हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ उभारायलाही हात लावला. जुलमाला विरोध करायचा आणि शेजाऱ्याचा जीवही जपायचा, या दोन गोष्टी त्यांच्या लेखी परस्परविरोधी नव्हत्या.

सव्वाशे वर्षांनी, 2 मे 2022 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या लशीबाबत हाच तोल सांभाळला. राज्यघटनेच्या 21 व्या कलमानुसार कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं, असं न्यायालय म्हणालं. लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवा, असंही सरकारला बजावलं.

पुढची साथ येईल तेव्हा नियम जरूर पाळू या. पण त्यामागचं कारण विचारण्याचा, पुरावा मागण्याचा हक्कही सोडू नका. शास्त्राची चूक उमगते ती प्रश्न विचारल्यानेच, आणि सत्तेचीही.