धर्मादाय ट्रॅक डे

धर्मादाय ट्रॅक डे म्हणजे हौशी मोटारसायकलस्वारांना शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर वाहन चालवण्याची संधी देऊन, त्यातून सेवाभावी कार्यासाठी निधी उभारण्याचा उपक्रम होय. असे उपक्रम विशेषतः ब्रिटनमध्ये रूढ आहेत. ट्रॅक डे ही शर्यत नसते. त्यात क्रमांक किंवा पारितोषिक दिले जात नाही आणि बहुतेक ठिकाणी फेरीची वेळ मोजण्यासही मनाई असते. समोरून येणारी वाहने, पादचारी आणि वेगमर्यादा नसलेल्या मार्गावर आपले वाहन व आपले कौशल्य अजमावता येणे, हे स्वारांच्या दृष्टीने त्याचे मुख्य आकर्षण असते.

दिवसाचा क्रम

सकाळी नोंदणी झाल्यावर स्वाराचा परवाना, हेल्मेट, चामड्याचा पोशाख, हातमोजे व बूट तपासले जातात. मोटारसायकलीच्या आवाजाची पातळी मोजली जाते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आवाज करणारे वाहन मार्गावर सोडले जात नाही. शर्यतमार्गाभोवतीच्या वस्तीला त्रास होऊ नये, हा त्यामागील हेतू असतो. त्यानंतर सर्वांना नियम समजावून सांगितले जातात. ही सभा चुकवणाऱ्यास मार्गावर प्रवेश मिळत नाही.

स्वारांचे सामान्यतः नवशिके, मध्यम आणि वेगवान असे तीन गट केले जातात. प्रत्येक गटाला आळीपाळीने १५ ते २० मिनिटे मिळतात. पहिल्या काही फेऱ्या मार्गदर्शकामागून संथपणे काढल्या जातात. मार्शल झेंड्यांनी सूचना देतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका असून ओलांडण्यास मनाई. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश परत यावे. काळा झेंडा ज्याला दाखवला जाईल त्याने मार्गाबाहेर यावे. आणि चौकटीचा झेंडा म्हणजे सत्राची समाप्ती.

निधीची उभारणी

सहभागशुल्कातून मोठी रक्कम शिल्लक राहते, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु वस्तुस्थिती तशी नसते. शर्यतमार्गाचे भाडे, मार्शल, वैद्यकीय पथक, रुग्णवाहिका व विमा यांचा खर्च स्वार कितीही आले तरी जवळपास तेवढाच राहतो. दुसरीकडे, एका वेळी मार्गावर किती मोटारसायकली सोडायच्या याला सुरक्षिततेमुळे मर्यादा असते. म्हणजे खर्च कमी करता येत नाही आणि स्वारांची संख्या वाढवून उत्पन्नही वाढवता येत नाही. त्यामुळे निधी प्रामुख्याने अन्य मार्गांनी मिळवावा लागतो. सहभागी स्वार आपल्या आप्तेष्टांकडून व सहकाऱ्यांकडून देणग्या गोळा करतात. नामवंत शर्यतपटूंच्या वस्तूंचा लिलाव होतो, सोडती काढल्या जातात, तसेच कुशल चालकामागे बसून फेरी मारण्याची संधी मोबदला घेऊन दिली जाते. शर्यतमार्गाच्या मालकाने भाडे माफ केल्यास त्याचा लाभ थेट निधीला होतो.

ब्रिटनमधील 'गिफ्ट एड' योजनेनुसार करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मिळू शकतात. मात्र ही सवलत देणगीला आहे. मार्ग वापरण्याच्या मोबदल्यात भरलेले शुल्क देणगी ठरत नाही. म्हणून शुल्क आणि देणगी यांचा हिशेब वेगळा ठेवणे आवश्यक ठरते.

रायडर्स फॉर हेल्थ

शर्यतींचे जग आणि सेवाकार्य यांच्या संयोगाचे ठळक उदाहरण म्हणजे 'रायडर्स फॉर हेल्थ' ही संस्था. अमेरिकन शर्यतपटू रँडी मामोला हे ५०० सीसी गटाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९८०, १९८१, १९८४ आणि १९८७ असे चार वेळा दुसऱ्या क्रमांकावर राहिले. १९८०च्या दशकात त्यांनी मुलांसाठी काम करणाऱ्या 'सेव्ह द चिल्ड्रेन' या संस्थेसाठी निधी उभारण्यास सुरुवात केली. त्या दशकाच्या अखेरीस ते आणि ब्रिटिश पत्रकार बॅरी कोलमन सोमालियाला गेले. तेथे आरोग्यसेवेसाठी मिळालेल्या मोटारसायकली देखभालीअभावी बंद पडलेल्या त्यांना आढळल्या. त्यांतील अनेक वाहने फार जुनीही नव्हती. तेल बदलणे, साखळी घट्ट करणे, हवेची गाळणी साफ करणे अशी साधी कामे झाली असती तर ती चालू राहिली असती.

नवी वाहने दान करण्यापेक्षा असलेली वाहने चालू ठेवणे अधिक महत्त्वाचे, हा निष्कर्ष त्यातून निघाला. या विचारातून अँड्रिया व बॅरी कोलमन हे दांपत्य आणि मामोला यांनी १९९०च्या दशकात रायडर्स फॉर हेल्थची स्थापना केली. संस्थेने लेसोथो, गांबिया, झिम्बाब्वे आदी आफ्रिकी देशांत काम केले. आरोग्यसेवकांना वाहन चालवण्याचे व रोज तपासण्याचे प्रशिक्षण देणे, ठरावीक अंतरानंतर दुरुस्तीची वाट न पाहता सुटे भाग बदलणे, तसेच इंधन व देखभाल धरून प्रतिकिलोमीटर खर्च काढणे, ही तिच्या कार्यपद्धतीची वैशिष्ट्ये होत. लेसोथोच्या डोंगराळ भागात रक्ताचे व थुंकीचे नमुने मोटारसायकलींवरून प्रयोगशाळेत पोहोचवण्याची व्यवस्थाही करण्यात आली. एचआयव्ही व क्षयरोगाचे निदान नमुना वेळेवर पोहोचण्यावर अवलंबून असल्याने बंद पडलेल्या वाहनाचा परिणाम थेट रुग्णावर होतो.

या कार्यासाठी ब्रिटिश ग्रां प्रीच्या काळात 'डे ऑफ चॅम्पियन्स' हा निधीसंकलनाचा कार्यक्रम भरवला जात असे. तो काटेकोर अर्थाने ट्रॅक डे नव्हता. शर्यतपटूंची भेट आणि त्यांच्या हेल्मेट, हातमोजे आदी वस्तूंचा लिलाव हे त्याचे मुख्य अंग होते. दोन आसनी डुकाटी शर्यतवाहनावर मामोला यांच्यामागे बसून फेरी मारण्याच्या संधीचाही संस्थेसाठी लिलाव होत असे. हे कार्य पुढे 'टू व्हील्स फॉर लाइफ' या संस्थेने चालवले.

अन्य कार्ये

ब्रिटनमध्ये 'ब्लड बाइक' गटांचे स्वयंसेवक रात्री व सुट्टीच्या दिवशी रुग्णालयांसाठी रक्त, नमुने आणि औषधे विनामूल्य पोहोचवतात. इंग्लंड व वेल्समधील हवाई रुग्णवाहिका सेवा प्रामुख्याने धर्मादाय संस्थांमार्फत चालतात. अपघातग्रस्त दुचाकीस्वारांना या सेवांचा उपयोग होत असल्याने त्यांच्यासाठी निधी उभारण्याकडे दुचाकीस्वारांचा कल असतो.

काही उपक्रमांत शर्यतमार्ग हाच सेवेचे साधन बनतो. २०१०च्या व्हँकुव्हर हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये सहभागी झालेले ब्रिटिश स्कीपटू टॅलन स्कील्स-पिगिन्स यांना मोटारसायकल अपघातात अपंगत्व आले होते. त्यांनी स्थापन केलेली 'द बाइक एक्सपीरियन्स' ही संस्था अपंग व्यक्तींना शर्यतमार्गावर, बदल केलेल्या मोटारसायकलींवरून पुन्हा वाहन चालवण्याची संधी देते.

जोखीम आणि आक्षेप

शर्यतमार्गावर समोरून वाहने येत नसली, तरी वेग अधिक असल्याने गंभीर अपघात होऊ शकतात. सहभागींना जोखीम स्वीकारल्याच्या लेखी निवेदनावर सही करावी लागते. रस्त्यासाठी घेतलेला वाहनविमा सामान्यतः शर्यतमार्गावरील नुकसानीला लागू होत नाही. उपक्रम धर्मादाय असल्याने या नियमांत सूट मिळत नाही.

अशा उपक्रमांवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की सहभागींच्या हौसेवर होणारा खर्च हा प्रत्यक्ष लाभार्थ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या रकमेपेक्षा मोठा असू शकतो. तेवढी रक्कम थेट देणगी म्हणून दिली तर अधिक उपयोग होईल, असे आक्षेप घेणारे म्हणतात. समर्थकांच्या मते ही रक्कम अन्यथा हौसेवरच खर्च झाली असती, आणि उपक्रमामुळे संस्थेला दीर्घकाळ साथ देणारे देणगीदार मिळतात. उपक्रमाचे मूल्यमापन करताना एकूण जमा रकमेऐवजी खर्च वजा जाता संस्थेला मिळालेली रक्कम पाहणे अधिक योग्य ठरते.