भातवडीचा चिखल

बेलापूरला पाटाला आवर्तन सुटलं की भिजल्या काळ्या रानात मी बारं धरायला उतरतो, आणि दोन पावलांत चप्पल रुतून बसते. तेव्हा हमखास भातवडी आठवते. नगरजवळचं, आजचं भातोडी. १६२४ साली मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र होऊन निजामशाहीवर चालून आल्या. समोर होता मलिक अंबर. हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढं निजामशाहीचा कर्ता वजीर झालेला. त्यानं तलावाचा बांध फोडला. पाणी शत्रूच्या छावणीत शिरलं. चिखलात घोडा धावत नाही, तोफ तर हलतच नाही. आम्हा कुणब्यांना हे सांगावं लागत नाही. त्यावर रात्रीचे छापे पडू लागले, आणि अंबरानं लढाई मारली.

अंबराच्या बाजूनं लढणारे शहाजीराजे इथंच नावारूपाला आले. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी इथंच पडले. नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसानं झाले म्हणून दोघा भावांना ती नावं मिळाली, असं सांगतात. अंबराचा हाच गनिमी कावा पुढं शिवरायांनी सह्याद्रीत कितीतरी वर नेला.

पानिपत आपल्या बोलण्यात येताजाता येतं. भातवडी नगरच्या पोरांनाही ठाऊक नसते, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून यंदा नातवाला घेऊन तिथं गेलो, आणि शरीफजींचं नाव त्याच्याकडून पाठ करून घेतलं.