चरीचा संप आणि खोतीचे जोखड

२० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात अवघ्या सहा वर्षांनी किनाऱ्यालगतच्या खारेपाटात उभा राहिलेला चरीचा संप मात्र तितका सांगितला जात नाही. महाडला प्रश्न पाण्याचा होता, चरीला जमिनीचा. दोहोंच्या मुळाशी माणसाचे माणूसपणच होते.

खोत हा मूळचा सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारा. पुढे तोच गावाचा धनी होऊन बसला. कुळाने बांध राखावा, भात पिकवावे आणि पिकाचा मोठा वाटा खोताकडे पोचता करावा, वेठ निराळीच. जमीन केव्हा काढून घेतली जाईल याचा नेम नसे.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, २५ गावांतील कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. गिरणी कामगार संप करतो तेव्हा मालकाचे चाक थांबते. कूळ संप करते तेव्हा प्रथम त्याचीच चूल थंडावते. तरीही लाकूडफाटा विकून या लोकांनी १९३९ पर्यंत तग धरला.

१९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. संपकऱ्यांत आगरी समाज मोठा होता. परंतु बाबासाहेबांनी त्यांची जात पाहिली नाही, दास्य पाहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतास वाजवी भरपाई आणि प्रत्यक्ष कसणाऱ्यास कब्जेदाराचा हक्क, हा त्याचा गाभा होता. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. विधेयक मात्र संमत झाले नाही. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांच्या मध्यस्थीने १९३९ मध्ये संप मिटला. खोती कायद्याने संपण्यास १९४९ साल उजाडले.

१ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळांना मालकीची वाट मोकळी करून दिली. परंतु ज्यांचे नाव कूळ म्हणूनही कोठे नोंदलेले नव्हते, त्या भूमिहीन शेतमजुरांच्या पदरी काय पडले? त्यांत आपले बांधव फार होते. राजकीय समतेला सामाजिक व आर्थिक समतेची जोड नसेल तर लोकशाही धोक्यात येईल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. चरीचे स्मरण करताना हा उरलेला हिशेब विसरता येणार नाही.